खारट भिंत

भिंतीतला खिळा दोन बोटांनी निघाला. हातोडी लागली नाही, पकड लागली नाही. कणकेत खुपसलेली काडी निघावी तसा निघाला. मधल्या खोलीत त्या खिळ्याला मालकांचा फोटो होता, पलटणीच्या टोपीतला. दसऱ्याच्या आवराआवरीत पुसायला म्हणून मी तो उचलला, तर खिळा फोटोबरोबरच हातात आला आणि मागोमाग मूठभर रेती खाली सांडली. काचेच्या आत पाणी धरलं होतं. मालकांचा उजवा खांदा पांढरा पडून गेला होता.

"आज्जी, आजोबा भिजलं," अंकिता म्हणाली आणि खोकायला लागली.

अंकिता माझ्या सूरजची मुलगी, सहा वर्षांची. सूरज पलटणीत, सिक्कीमकडं. मालक जाऊन चार वर्षं झाली. घरात मी, सून संयोगिता आणि ही पोरगी. कुंडलपासून दोन कोसांवर आमचा मळा, मळ्यात हे घर. पक्क्या भाजक्या विटांचं. बांधलं तेव्हा आमच्या वाडीत वीट फक्त शाळेला होती आणि आम्हाला होती. येईल-जाईल त्याला मी हे सांगत आले आहे, न विचारता.

पोरगी खोकायची तेव्हा तिच्या गळ्याखाली खड्डा पडायचा. बोट ठेवलं तर बुडेल एवढा. पलूसच्या डॉक्टरानं छातीला नळी लावली आणि आमच्याकडं न बघताच विचारलं, "घरात ओल हाय का?"

संयोगितानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "ओल कुणाच्या घरात न्हाई? बागायतीत ऱ्हातोय आमी."

"आजी, ओलीला बुरशी धरती. ती हिच्या छातीत चालली. मी किती बी औषध दीन, पण पोरगी त्याच खोलीत निजणार आसंल तर त्याचा उपेग न्हाई."

घरी येऊन संयोगितानं चूल पेटवली, तवा ठेवला, पहिली भाकरी उलटली आणि मग बोलली.

"आत्या, मी हिला घिऊन वडूजला जाती. तितं शाळा बी हाय."

"म्हायेरी? कायमची?"

"भिंती कोरड्या हायती आमच्या."

"भिंती कोरड्या, हिरी कोरड्या, घागरी बी कोरड्या. लगीन ठरवाय आलो तवा तुझ्या बापानं च्या दिला, त्यात सुदीक पाणी न्हवतं."

"दूध जास्त हुतं, आत्या," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

दुष्काळी मुलखातली पोर. आठ वर्षं मी तिला पाण्यावरून टोमणे मारले. एका तांब्यात तोंड धुतीस, दोन तांब्यांत आंघोळ करतीस, अगं नदीकाठाला आलीयास तू, पाण्याला भ्यायला काय झालं? ती ऐकून घ्यायची. पण उत्तर द्यायची वेळ आली की असं एक द्यायची की पुढं बोलायला जागा राहायची नाही. तिच्या तोंडावर मी कधी म्हणाले नाही, पण मला ते आवडायचं.

रविवारी सूरजचा फोन आला. तिनं त्याला आधीच सगळं सांगितलं होतं.

"आये, पोरीला धाप लागतीया आन तू भिंतीची बाजू घितीस व्हय?"

"भिंतीची न्हवं. घराची."

"मग घर नीट करून घी. न्हाईतर त्यांना जाऊ दे."

"संक्रांतीपतोर कळ काढा. तवर भिंत हाताला कोरडी लागली न्हाई, तर मी सोता नेऊन सोडती वडूजला."

"शब्द?"

"साळूबाईचा शब्द हाय. तुझ्या सायबाच्या सहीपरास पक्का."

तोवर दोघींनी पुढच्या पडवीत निजायचं ठरलं. मी मात्र मधल्या खोलीतच निजले, मालकांच्या जुन्या खाटेवर. भिंतीला पाठ लावून.

नानासो गवंडी तिसऱ्या दिवशी आला. हे घर त्याच्या बापानं, अर्जुनानं बांधलं. तेव्हा नानासो अठरा वर्षांचा होता आणि बापाच्या हाताखाली विटा भिजवायचा. आता त्याचीच बोटं सिमेंटनं खाऊन आखूड झाल्यासारखी दिसतात. मालकांचा तो दोस्त. मालक पेन्शनीवर आल्यापासून दोघांची रोज बैठक, वरच्या रानातल्या खोपीत.

तो भिंतीपुढं उकिडवा बसला. थैली खाली ठेवली. भिंतीवरच्या फरशीवर बोटानं टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"वहिनी, फरशा काढाय लागत्यात."

"सूरजच्या लग्नातल्या हायती त्या."

"मीच लावल्यात की. तवाच म्हणलो हुतो, झाकून ओल जात न्हाई, वर चढती."

"म्हणला आसशील. तुझं कोण ऐकतंय?"

"त्येच की," म्हणून तो छिन्नी शोधायला लागला.

सूरजचं लग्न ठरलं तेव्हा भिंतीला कंबरेपर्यंत पोपडे सुटले होते. वडूजची माणसं घर बघायला येणार, त्यांना कशाला दाखवायचं म्हणून मी मधल्या खोलीत चारी बाजूंनी कंबरेइतक्या फरशा लावून घेतल्या. पांढऱ्या, निळ्या फुलाच्या. मला वाटलं राजवाडा झाला. संयोगिताची आई हरणाबाई आली, तिनं खोली बघितली, मान डोलावली आणि हळूच विचारलं, "न्हाणीघर हेच व्हय?" मी तिला आठ वर्षं माफ केलं नव्हतं.

पहिली फरशी निघाली ती सबंध. तिच्या मागं भिंतीवर पांढरी लव उगवली होती, कापूस बोंडातनं बाहेर यावा तशी. फुंकर मारली की उडायची. दुसरी फरशी काढताना विटेचं तोंडच बरोबर निघून आलं. मग वास आला. धान्याच्या बंद पेवाचा असतो तसा. अंकिता दारात उभी होती, तिला मी ओरडले, "पडवीत जा, भायेर!" तशी ती खोकत गेली.

चार दिवस आम्ही दोघं ती भिंत खरवडत होतो. नानासो छिन्नीनं पाडायचा, मी पाटीत भरून परड्यात नेऊन ओतायचे. तो म्हणायचा गडी लावूया. मी म्हणायचे, माझं हात काय हळदीत हायती का? बासष्ट वर्षांच्या कंबरेनं रोज चाळीस-पन्नास पाट्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी उठताना मला भिंतीचाच आधार घ्यावा लागला आणि हाताला तिचा लाल चिखल लागला. भाजलेली वीट, आणि तिचा चिखल.

नानासोनं विटेचा थोडा चुरा चिमटीत घेतला. बघितला. जिभेवर ठेवला.

"काय रं करतोस?"

तो थुंकला. "बा म्हणत हुता त्येच."

मी पाटी उचलली. बाहेर जाता जाता, त्याची पाठ वळल्यावर, मीही एक खडा तोंडात टाकला. मीठ. भाजीला घालता येईल एवढं मीठ.

अर्जुना काय म्हणत होता ते मला पाठ आहे. पहिली पाणीयोजना आमच्या रानात आली, आम्ही ऊस केला, आणि पाणी फुकटचं असल्यासारखं सोडलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खालच्या पट्टीत जमिनीवर पांढरं यायला लागलं. सकाळी दव पडल्यासारखं दिसायचं, पण ऊन चढलं तरी जायचं नाही. ऊस पिवळा पडला. त्याच सालात घर बांधायचं निघालं. मालक दोन महिन्यांच्या रजेवर आले होते. ते म्हणाले, नदीकाठच्या भट्टीवरनं विटा आणू. मी म्हणाले, घरची माती सोडून दुसऱ्याची कशाला? खालच्या पट्टीतला वरचा थर खरवडून काढू, त्याच्याच विटा पाडू. रान बी साफ हुईल, घर बी उभं राहील. एवढी शहाणी गोष्ट माझ्या डोक्यातनं निघाली याचा मला कोण गर्व! सगळ्या वाडीत सांगत सुटले.

अर्जुना माती बघायला आला. म्हणाला, "वहिनी, एकदा चाखून बघा."

सूरज तेव्हा पोटात होता, पाचवा महिना. मी म्हणाले, "डोहाळं लागल्यात मला, पर मातीचं न्हाईत."

मालक हसले. गडी हसले. अर्जुनाही हसला आणि तिथंच ते मिटलं. मग मीच पदर खोचून चिखल तुडवायला उतरले. पंधरा दिवस. टाचांना भेगा पडल्या त्या अजून भरल्या नाहीत. भट्टी पेटली तेव्हा अख्खी वाडी बघायला आली होती. वीट लाल झाली, टणक वाजली. कुणाला काय कळणार?

दिवाळी झाल्यावर मलकापूरचा एक माणूस आला. ओल थांबवायचं औषध भिंतीत घालायचं काम करायचा. त्याच्याकडं हाताएवढं एक यंत्र होतं, भिंतीला टेकवलं की किरकिरायचं. आमच्या भिंतीला टेकवलं तर ते थांबेचना. अंकिता पडवीतनं हसायला लागली. मलाही त्या आवाजाची लाज वाटली, चारचौघांत पोट वाजावं तशी.

त्यानं जोत्याच्या वर, वितीवितीच्या अंतरानं भोकं पाडली. सगळ्या भिंतीला एक ओळ. मग प्रत्येक भोकात औषध सोडायचं, भिंत पिईल तेवढं पाजायचं, परत सोडायचं. दोन दिवस ते चाललं. मी त्याच्या हाताखाली बसून नरसाळं धरत होते. एकेक भोक आजारी जनावरागत घटाघटा प्यायचं. त्या वासानं माझं डोकं धरलं, पण उठले नाही.

"झालं," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "आता ही भिंत जमिनीतलं पाणी वढणार न्हाई."

"म्हंजी कोरडी झाली?"

त्यानं वरच्या एका विटेवर नख ओढलं. "ह्या विटा कुठल्या?"

"घरच्या."

"मावशी, पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी ठेवता का तुमी?"

"का ठेवू? पाणी सुटतंय की."

"ह्या विटांत मीठ हाय. खालचं पाणी मी थांबवलं, पण त्या हवेतलं घेत्यात. आन ही बरणी झाकता येत न्हाई. चुन्याचा गिलावा करा. मीठ हळूहळू त्यात उतरतंय. दोन-तीन वर्सांनी त्यो काढून टाकायचा, नवा करायचा. तीन-चार खेपंला कमी हुईल."

"संक्रांतीला कोरडी पायजे मला."

तो हत्यारं गोळा करत होता. सहज म्हणाला, "कुठल्या सालच्या संक्रांतीला?"

तो गेल्यावर नानासोनं विचारलं, "चुना मळाय घालू न्हवं?"

"चुना वाळाय किती दिस?"

"थंडीत म्हयना-दीड म्हयना धरा."

"मग सिमीट लाव. त्यात ती पाणी अडवायची पूड घाल."

"वहिनी, त्यो माणूस आत्ताच सांगून गेला."

"त्यो मलकापुरात ऱ्हातोय. माझी नात हितं ऱ्हाती. सिमीट म्हणलं की सिमीट."

नानासोनं माझ्याकडं बघितलं. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी त्याच्या बापानं बघितलं होतं तसंच. मग गेला आणि सिमेंट आणलं.

गिलावा झाला तो आरशासारखा. मी खोलीत दोन शेगड्या पेटवल्या, दारंखिडक्या सताड उघड्या टाकल्या. रोज सकाळी उठून भिंतीला तळहात लावायचे, जनावराच्या पोटाला लावतात तसा. मार्गशीर्षात ती खरंच कोरडी लागली. पिवळा रंग दिला. शेजारच्या सुलाबाईला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "नव्या नवरीगत दिसतीया." मी फोनवर सूरजला सांगितलं, हात लावून बघ म्हणावं कुणी बी. संयोगितानं अंथरूण मधल्या खोलीत आणलं. पोरीचा खोकला कमी झाला होता. ती रात्री माझ्या कुशीत यायची आणि मी तिचा श्वास ऐकत पडायचे. आत. बाहेर. कुठं अडत नव्हता.

पौषात धुकं सुरू झालं. आमच्याकडं नदीवरनं येतं आणि नऊ-दहा वाजेपर्यंत उसात बसून राहतं. एक दिवस सकाळी मी तळहात लावला, आणि छातीएवढ्या उंचीवर, जिथं नवा गिलावा संपून जुना सुरू होत होता, तिथं हात गार झाला. ताटलीएवढा डाग. बोटांना ओल नव्हती, नुसता गारवा. दोन दिवसांनी ओल आली. तिसऱ्या दिवशी रंगाला फोड आला.

मी काय केलं ते सांगते. मी गव्हाचं पिंप ओढत आणलं आणि त्याच्यापुढं लावलं. पिंप बुटकं पडलं, म्हणून त्यावर गोधड्यांची चवड रचली. संयोगिता शेतातनं आली तर म्हणाले, "हितं हाताशी बरं पडतंय."

तिनं पिंपाकडं बघितलं, गोधड्यांकडं बघितलं. "व्हय," म्हणाली. संध्याकाळी तिनं अंकिताचं अंथरूण उचललं आणि पडवीत नेऊन घातलं. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. ती भांडली नाही. पोरगी परत खोकायला लागली होती, हे आम्ही दोघीही ऐकत होतो.

भोगीच्या दोन दिवस आधी नानासो परड्यातली सांडपाण्याची मोरी सांधायला आला. मी त्याला चहा दिला. तो आत आला, पिंप बघितलं, आणि चहा खाली ठेवून गोधड्या बाजूला सारल्या. डाग आता सुपाएवढा झाला होता. कडेनं पांढरी लव.

"बोल," मी म्हणाले. "म्हणलो हुतो म्हण. तुझा बा बी म्हणला हुता. म्हणून घी."

"न्हाई म्हणत."

"का? तोंडाला कुलूप घातलंय?"

तो मालकांच्या खाटेवर बसला. तळहात चोळायला लागला. पडवीत पोरगी खोकत होती. मग त्यानं मान न उचलता विचारलं, "वहिनी, दादा खोपीत कशाला यायचा, तुमाला ठावं हाय?"

"न ठावं व्हायला काय झालं? बिड्या वढाय. त्या बिड्यांनीच खाल्लं त्यांना."

"दादानं बिडी सोडल्याली."

"कवा?"

"मराय आदी सा वर्सं."

"खोटं बोलू नगंस. रोज सदऱ्याला वास यायचा. मी धूत हुते सदरं."

"त्यो वास माझा. मी शेजारी बसून वढायचो. तेबी नगं म्हणायचा, लांब जाऊन वढ म्हणायचा." नानासो थांबला. "त्यो दम खायाला यायचा. घरात छाती बांधल्यागत हुती म्हणायचा. खोपीत मुरमाड हाय, वारं हाय, तितं मोकळं वाटतंय. दुपारी दोन-दोन तास निजायचा."

माझ्या हातात चहाची किटली होती. ती कुठं ठेवावी ते मला समजेना. सहा वर्षं मी त्या माणसाला रोज तोंडी लावलं. आला धूर पिऊन, जा खोकून या भाईर, पेन्शन बिडीला आन छाती डॉक्टरला. ते खाली मान घालून भाकरी खायचे आणि या भिंतीला पाठ लावून निजायचे. शेवटच्या आठवड्यातही मी उशाखाली हात घालून बंडल शोधलं होतं. बंडल सापडलं नाही, तर म्हणाले, कुठं दडवलंय ते मला कळंल कवातरी.

"मला का सांगितलं न्हाई त्यांनी?"

"मी म्हणलो हुतो, दादा, सांगा घरात, खोपीतच ऱ्हावा. तर म्हणला, नगं. सांगिटलं तर तिला कळंल भिंतीमुळं हाय. पोटुशी आसताना चिखल तुडवलाय तिनं त्या विटांचा. तिला काय बोलू नगा." नानासोनं चहा उचलला, तो निवला होता. एका घोटात प्यायला. "म्हणून मी बी न्हाई बोललो. आता त्या पोरीचा खोकला ऐकतोय आन दादाचा ऐकल्यागत हुतंय. तुमी मला काय बोलायचं ते बोला."

मी किटली भुईवर टेकवली आणि त्याचा रिकामा कप उचलला.

तो गेल्यावर मी परड्यात गेले. पाडलेल्या चुऱ्याचा ढीग होता, त्याच्यावर पांढरं फुललं होतं. संयोगिता तिथंच धुणं वाळत घालत होती.

"पोरीची कापडं भर," मी म्हणाले.

तिनं ऐकलं, पण कळलं नसल्यासारखी बघत राहिली.

"पुस्तकं बी घी. शाळेचा दाखला मागनं सूरज आल्यावर काढंल. परवा भोगी हाय, भोगी करून निगू. संक्रांत वडूजला करा."

"आत्या, अजून थोडं दिस बगू. उन्हाळ्यात..."

"उन्हाळ्यात वाळंल आन पावसाळ्यात परत भिजंल. शब्द दिलाय मी. माझा शब्द हाय, तुझ्या बापाचा च्या न्हवं."

ती हसली नाही. ओला परकर हातात धरून उभी राहिली. मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि मला राग आला, कारण ते पाणी तिचं नव्हतं, माझं होतं.

भोगीला मी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या केल्या. वांगं, गाजर, हरभरा, घेवडा, जे मळ्यात होतं ते सगळं घातलं. मीठ घालताना हात थांबला. अंकितानं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि विचारलं, "आज्जी, तू बी येनार न्हवं?"

"सोडाय येनार."

"ऱ्हायाला?"

"माझी म्हस कोण पिळंल? तू?"

विट्याला गाडी बदलून आम्ही वडूजला दुपारी पोहोचलो. वाटेत ऊस संपला, मग हिरवं संपलं, मग नुसता माळ. मेंढरं आणि दगड. अंकिता खिडकीला तोंड लावून बसली होती. मी तिच्या गळ्याखालचा खड्डा बघत होते.

संयोगिताचा बाप, नाथाजी, स्टँडवर न्यायला आला होता. हाडकुळा माणूस. "या इहीणबाई," म्हणाला आणि माझी पिशवी माझ्या हातातनं काढून घेतली. घर दगडमातीचं, बैठं, पांढऱ्या मातीनं सारवलेलं. हरणाबाईनं दारात पाय धुवायला बादली आणून ठेवली. काठोकाठ भरलेली. त्यांच्याकडं नळ दिवसाआड येतो, हे मला संयोगितानंच कधी तरी सांगितलं होतं. मी एक तांब्या घेतला, पायांवर अर्धा ओतला, अर्ध्यानं तोंड धुतलं, आणि बादली तशीच तिच्याकडं सरकवली.

"आवं, धुवा की नीट. लांबनं आलाय."

"झालं. धुतलं," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "इहीणबाई, तुमी लग्नाच्या टायमाला खरं बोलला हुता. न्हाणीघरच केल्तं मी."

हरणाबाई गोंधळली. तिला ते आठवतही नव्हतं. आठ वर्षं मी जे उरात धरून बसले होते, ते तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

जेवण झाल्यावर अंकिता आतल्या खोलीत घोंगड्यावर निजली. मी तिच्याजवळ बसले आणि कुणाचं लक्ष नाही बघून भिंतीला तळहात लावला. कोरडी. नुसती कोरडी नाही, उबदार. भाकरी उतरवल्यावर तवा थोड्या वेळानं लागतो तशी. पोरगी तासभर निजली. मी तासभर ऐकलं. एकदाच खोकली, आणि तेही झोपेत कूस बदलताना.

चारच्या गाडीला मी निघाले.

"आत्या, तुमी बी ऱ्हावा," संयोगिता म्हणाली. "दोन दिस तरी. उद्या सण हाय. म्हशीचं सुलाबाई बगंल."

"तोड आलीया उसाला. माझ्याबिगर फडात कोण उभं ऱ्हाणार?"

तोड अजून पंधरा दिवस यायची नव्हती, आणि ते तिला माहीत होतं. ती वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आठ वर्षांत सणावाराला ठेवायचे तो नुसता ठेवायचा म्हणून. आज तो उचलेना.

"पोरीला थंड पाणी दिऊ नगं," मी म्हणाले. "आन तुझ्या बापाला म्हणावं, च्या चांगला करतोय."

मी मुक्काम विट्याला बहिणीकडं केला. रिकाम्या घरात अंधारात पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. संक्रांतीच्या सकाळी मळ्यात पोचले. धुकं निघून गेलं होतं. सुलाबाईनं म्हैस पिळून दूध झाकून ठेवलं होतं. मधल्या खोलीत गेले. पिवळी भिंत, पिंप, गोधड्या. डाग गोधड्यांच्या वर आला होता. मी गोधड्या काढल्या, पिंप ढकलत बाजूला केलं आणि तो उघडा टाकला. आता कुणापासून झाकायचं?

मालकांचा फोटो दसऱ्यापासून कपाटावर पालथा होता. तो घेतला, पदरानं पुसला. खांद्याचं गेलं ते गेलं, तोंड अजून होतं. एक खिळा आणि हातोडी घेतली आणि वरच्या रानात गेले. चढ आहे. दोनदा थांबावं लागलं. तिथं खरंच वारं होतं. खोपीत एक फाटकी चटई, पाण्याचा डेरा उपडा, कोपऱ्यात नानासोच्या बिड्यांची थोटकं. चटईवर एका अंगाला माणसाच्या पाठीचा खळगा होता, चार वर्षांत कुणी तिथं निजलं नव्हतं तरी.

छप्पर पेलणाऱ्या मधल्या मेढीला मी खिळा टेकवला आणि ठोकला. बाभळीचं लाकूड. तीन घावांत अर्धाही आत गेला नाही. हाताला झिणझिण्या आल्या. मी फोटो अडकवला, सरळ केला आणि चटईवर बसले, खळगा सोडून.

"तिळगूळ न्हाई आणला," मी म्हणाले. "ऱ्हावा हितं. म्या काय बोलत न्हाई."